चिमटीची चिंधी इंजिनाच्या तोंडात

रस्त्याच्या कडेला एक गॅरेज. गॅरेजात एक फळी. फळीखाली एक डबा. डबा आडवा पडलेला. त्या डब्यात राहायची एक उंदरीण. तिचं नाव चिमटी.

चिमटीला पिल्लं झाली होती. गुलाबी गुलाबी. शेंगदाण्याएवढी. डोळे मिटलेले. अंगावर एक केस नाही.

पिल्लांच्या अंगावर एक चिंधी होती. लाल, मऊ, ऊबदार. चिमटीनेच आणली होती. दातांनी ओढत. उलटं चालत.

एक दिवस चिमटी दाणे आणायला गेली. तुरुतुरु गेली. तुरुतुरु आली. बघते तर काय, चिंधी नाही. पिल्लं उघडी. पिल्लं म्हणत होती, "चीं. चीं. चीं."

चिमटीने डब्यात बघितलं. नाही.
डब्याखाली बघितलं. नाही.
डब्यामागे बघितलं. नाही.
मग तिने मान वर केली.

वर एक गाडी उभी होती. निळी. जुनी. बॉनेट उघडं. आत इंजिन. इंजिनाला वाटोळं तोंड. आणि त्या तोंडात बोळा. लाल, मऊ, ऊबदार.

"ती माझी आहे," चिमटी म्हणाली.

गाडीजवळ दगडूमिस्त्री उभे होते. गाड्या दुरुस्त करणारे ते हेच. त्यांनीच डब्यात हात घातला. त्यांनीच चिंधी ओढली. सर्र. चिमटीला विचारलं का? नाही विचारलं. लहानांना कोण विचारतं?

चिमटी गेली मिस्त्रींकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पिल्लं माझी उघडी.
मिस्त्री, मिस्त्री, चिंधी द्या ना."

मिस्त्री म्हणाले, "देईन की. पण आधी थ्रॉटल जागी येऊ दे."

थ्रॉटल म्हणजे गाडीचं नाक. गाडी त्यातून हवा घेते. नाकात एक झडप असते. आपण पायाने पेडल दाबलं की झडप उघडते. खट. पाय काढला की झडप मिटते. टप. नाक मळलं होतं, म्हणून मिस्त्रींनी ते धुवायला काढलं होतं. नाक काढलं, तर खाली तोंड उघडं पडलं.

"उघड्या तोंडात धूळ जाते," मिस्त्री म्हणाले. "खडे जातात. म्हणून बोळा. थ्रॉटल आला की चिंधी काढतो. घाई काय आहे?"

चिमटीने एक श्वास सोडला. फूं.

ती गेली थ्रॉटलकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. थ्रॉटल बाकावर बसला होता. धुतलेला. चकचकीत. पेपरवर.

"मिस्त्री चिंधी देईनात,
पिल्लं माझी उघडी.
थ्रॉटल, थ्रॉटल, जागी ये ना."

थ्रॉटल म्हणाला, "येईन की. पण आधी पॅकिंग खाली बसू दे. माझ्याखाली गादी नको का? तसाच बसलो तर फटीतून हवा जाते. फुस्स. मग गाडी थरथरते. घाई काय आहे?"

चिमटीने श्वास सोडला. फूं.

ती गेली पॅकिंगकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. पॅकिंग होती खिळ्यावर टांगलेली. पापडासारखी पातळ. मधे मोठं भोक. चार कोपऱ्यांना चार बारकी भोकं.

"थ्रॉटल जागी येईना,
मिस्त्री चिंधी देईनात,
पिल्लं माझी उघडी.
पॅकिंग, पॅकिंग, खाली बस ना."

पॅकिंग म्हणाली, "बसेन की. पण आधी बोल्ट निघू दे. बोल्ट नाहीत तर मला धरणार कोण? मी घसरते. मी उडते. घाई काय आहे?"

पॅकिंग नवी कोरी होती. कालच आली होती. पण बोलायला त्या गॅरेजातच शिकली होती.

चिमटीने श्वास सोडला. फूं.

ती गेली बोल्टांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. बोल्ट होते बशीत. तीन होते. चौथा नव्हता.

"पॅकिंग खाली बसेना,
थ्रॉटल जागी येईना,
मिस्त्री चिंधी देईनात,
पिल्लं माझी उघडी.
बोल्ट, बोल्ट, निघा ना."

बोल्ट म्हणाले, "निघू की. पण आम्ही चौघं भाऊ. चार कोपरे, चार भाऊ. धाकटा कुठाय?"

"कुठाय?" चिमटीने विचारलं.

"बशीतून पडला. टिंग. घरंगळत गेला. गडगड. दारात गोणपाट होतं. त्यावर जाऊन थांबला. आणि वरून बसले नाना."

"नानांच्या खाली?"

"नानांच्या खाली. आधी नाना उठू देत. घाई काय आहे?"

चिमटीने श्वास सोडला. फूं फूं.

ती गेली नानांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. नाना म्हणजे मिस्त्रींचे वडील. गॅरेज त्यांनीच काढलं. आता ते दारात बसायचे. बसले की बसले.

"बोल्ट काही निघेनात,
पॅकिंग खाली बसेना,
थ्रॉटल जागी येईना,
मिस्त्री चिंधी देईनात,
पिल्लं माझी उघडी.
नाना, नाना, उठा ना."

नाना म्हणाले, "उठेन की. मघापासून काहीतरी टोचतंय खरं."

"तो बोल्ट आहे."

"असेल."

"मग उठा ना."

"आधी चहा येऊ दे. चहा घेतल्याशिवाय माझे गुडघे हलत नाहीत. घाई काय आहे?"

टोचत होतं तरी बसले. काय म्हणावं?

चिमटीने श्वास सोडला. फूं फूं.

ती गेली माईंकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. माई म्हणजे नानांची बायको. गॅरेजामागे स्टोव्ह. स्टोव्हपुढे माई. स्टोव्ह बंद. पातेलं पालथं.

"नाना जागचे उठेनात,
बोल्ट काही निघेनात,
पॅकिंग खाली बसेना,
थ्रॉटल जागी येईना,
मिस्त्री चिंधी देईनात,
पिल्लं माझी उघडी.
माई, माई, चहा करा ना."

माई म्हणाल्या, "करेन की गं. पण आधी साखर येऊ दे. साखर संपलीय. तात्या आणतो म्हणालेत."

"कधी म्हणाले?"

"सकाळी म्हणाले. घाई काय आहे?"

चिमटीच्या मिशा थरथरल्या. फूं फूं फूं.

ती गेली तात्यांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. तात्या म्हणजे निळ्या गाडीचे मालक. ते गाडीतच बसले होते. पुढच्या सीटवर. काच खाली. कोपर बाहेर. गाडी कुठे जात नव्हती. तात्याही कुठे जात नव्हते.

"माई चहा करीनात,
नाना जागचे उठेनात,
बोल्ट काही निघेनात,
पॅकिंग खाली बसेना,
थ्रॉटल जागी येईना,
मिस्त्री चिंधी देईनात,
पिल्लं माझी उघडी.
तात्या, तात्या, साखर आणा ना."

तात्या म्हणाले, "आणेन की."

"दुकान कुठाय?"

"ते काय, समोर. रस्त्यापलीकडे. पाटी दिसतेय बघ."

"मग जा ना."

"चालत?" तात्यांनी चिमटीकडे बघितलं. "घरची गाडी असताना चालत जाऊ? लोक काय म्हणतील? आधी गाडी सुरू होऊ दे. मग जातो. घाई काय आहे?"

चिमटीने सगळं म्हणून दाखवलं. हळूहळू. तात्यांना कळेल असं.

"गाडी सुरू होईना, कारण
थ्रॉटल जागी येईना.
थ्रॉटल जागी येईना, कारण
पॅकिंग खाली बसेना.
पॅकिंग खाली बसेना, कारण
बोल्ट काही निघेनात.
बोल्ट काही निघेनात, कारण
नाना जागचे उठेनात.
नाना जागचे उठेनात, कारण
माई चहा करीनात.
माई चहा करीनात, कारण
तात्या साखर आणीनात.
आणि ते तात्या तुम्हीच."

तात्यांनी डोकं खाजवलं. "बरोबर आहे की गं."

"मग?"

"मग काय? बघू."

तात्यांनी कोपर आत घेतलं. आणि परत बाहेर काढलं.

चिमटी गाडीवरून खाली आली. गॅरेजाच्या मधोमध बसली. शेपटी आपटली. फट फट फट.

मिस्त्री थांबले होते थ्रॉटलसाठी. नाना थांबले होते चहासाठी. माई थांबल्या होत्या साखरेसाठी. तात्या थांबले होते गाडीसाठी. कुणी वाईट नव्हतं. कुणी ओरडत नव्हतं. कुणी उठतही नव्हतं. एवढी मोठी मोठी माणसं, आणि सगळी बसलेली.

दारातून वारा आला. भूं. फळीखाली गेला. डब्यात शिरला.

पिल्लं म्हणाली, "ची."

मघाशी तीनदा म्हणत होती. आता एकदाच म्हणाली. तेही बारीक.

चिमटी उठली. ती परत गेली माईंकडे. तुरुतुरु नाही. दण दण दण. उंदराचे पाय एवढेसे, पण दण दण दण.

"माई, चहा कुणी मागितलाय?"

"ह्यांनी." ह्यांनी म्हणजे नानांनी.

"नाना साखर किती घेतात?"

"हे?" माई हसल्या. "चिमूटभरही नाही. ह्यांना साखर बंद आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

चिमटीला वाटलं, आपण चुकून काहीतरी भलतंच ऐकलं.

"नाना बिनसाखरेचा पितात?"

"कधीपासून."

"मग साखर कशाला हवी?"

"अगं, चहा म्हटला की साखर लागतेच. आधी पाणी, मग साखर, मग पत्ती. आमच्याकडे असाच करतात. मग ह्यांचा वेगळा करायचा, बिनसाखरेचा."

"आणि तो साखरेचा कोण पितं?"

माई थांबल्या. वर बघितलं. खाली बघितलं.

"कुणी नाही," माई म्हणाल्या. "ओतून देते मी."

चिमटी पालथ्या पातेल्यावर चढली. पातेल्याच्या बुडावर बसली. शेपटी गुंडाळली. माईंकडे बघत राहिली.

"ऊठ तिथून," माई म्हणाल्या.

चिमटी उठली नाही.

"चिमटे, ऊठ म्हणते ना."

"उठेन की," चिमटी म्हणाली. "पण आधी चहा होऊ दे. बिनसाखरेचा. घाई आहे."

त्या गॅरेजात 'घाई आहे' असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं. माईंनी दोनदा कान खाजवला.

"कुणी मला विचारलंच नाही कधी," माई पुटपुटल्या. "साखर कशाला म्हणून." मग म्हणाल्या, "बरं, उतर. पातेलं विसळू दे."

चिमटी उतरली.

माईंनी स्टोव्ह पेटवला. भस्स. पाणी उकळलं. बुडबुड बुडबुड. पत्ती पडली. भुरभुर. चहा झाला.

माईंनी चहा नेला नानांकडे. नाना प्यायले. फुर्र. फुर्र. फुर्र.

"कडक झालाय," नाना म्हणाले.

"उठा," चिमटी म्हणाली.

नाना उठले. गुडघे म्हणाले, कट. कंबर म्हणाली, कट. आणि नानांच्या धोतराला चिकटलेला बोल्ट पडला खाली. टिंग.

"हाच टोचत होता होय," नाना म्हणाले. जशी काही त्यांना बातमीच कळली.

धाकटा बोल्ट निघाला. गडगड गडगड. भाऊ बशीत वाट बघत होते. "आलास का रे? दिवसभर कुठे होतास?" "नानांच्या खाली." "बरं, चल."

चौघं निघाले, म्हणून पॅकिंग खिळ्यावरून उतरली. सळसळ. इंजिनाच्या तोंडाभोवती जाऊन बसली. बरोब्बर. कोपऱ्याला कोपरा, भोकाला भोक.

पॅकिंग बसली, म्हणून थ्रॉटल निघाला. मिस्त्रींनी त्याला दोन्ही हातांनी उचललं.

आता चिमटीची पाळी. ती धावत गाडीवर चढली. टुणुक टुणुक टुणुक. इंजिनाच्या कडेला जाऊन बसली. चिंधी तिथेच होती. तोंडात. लाल कोपरा दिसत होता.

मिस्त्री थ्रॉटल खाली आणू लागले. आणि बोलू लागले. हात कामात, तोंड गप्पांत.

"तात्या, असे थ्रॉटल मी किती बसवले असतील. डोळे मिटून बसवतो."

"तुमचा हातच तसा आहे, मिस्त्री," तात्या म्हणाले.

"आमच्या नानांनी शिकवलंय."

"मीच शिकवलंय," नाना दारातून म्हणाले.

थ्रॉटल आला खाली. अजून खाली. अजून खाली.

चिंधी तिथेच.

"मिस्त्री, चिंधी," चिमटी म्हणाली.

"एकदा तर पावसात बसवला होता, तात्या."

अजून खाली.

"मिस्त्री. चिंधी."

"मोठ्यांच्या मधे बोलू नये, चिमटे," नाना म्हणाले.

अजून खाली. आता थ्रॉटल बसला असता. बोल्ट लागले असते. गाडी सुरू झाली असती. गाडीने हवा ओढली असती, आणि हवेबरोबर चिंधी. गट्. गेली असती पोटात. ना चिंधी राहिली असती, ना गाडी.

चिमटीने उडी मारली. टुणुक. मिस्त्रींच्या अंगठ्यावर. आणि चावली. कचकन.

"अगं अगं अगं," मिस्त्री म्हणाले. हात वर गेला. हाताबरोबर थ्रॉटल वर गेला. मिस्त्रींनी खाली बघितलं.

लाल, मऊ, ऊबदार.

मिस्त्रींचं बोलणं थांबलं. तात्यांचंही थांबलं. नाना दारातून वाकून बघू लागले.

"राहिलीच होती की आत," मिस्त्री हळूच म्हणाले.

"आधी काय, मिस्त्री?" चिमटीने विचारलं.

मिस्त्रींनी अंगठा चोखला.

"आधी चिंधी," ते म्हणाले.

मिस्त्रींनी थ्रॉटल बाजूला ठेवला. चिंधी धरली. ओढली. सर्र. झटकली. फट. आणि वाकून, दोन्ही हातांनी, चिमटीपुढे धरली.

चिंधीला डाग पडला होता. काळा. एका कोपऱ्याला.

"धुऊन देऊ का?" मिस्त्रींनी विचारलं.

"धुवायला आधी काय लागेल?" चिमटीने विचारलं.

"साबण."

"साबण कोण आणणार?"

मिस्त्रींनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी कोपर बाहेर काढलं.

"राहू दे," चिमटी म्हणाली. "डागासकट द्या."

तिने चिंधी दातांत धरली. गाडीवरून उतरली. उलटं उलटं चालत निघाली. ओढत, ओढत, ओढत. कुणी म्हणालं नाही, घाई काय आहे.

मागे थ्रॉटल जागी बसला. बोल्ट लागले. हाताने, मग पान्याने. एक इकडचा, एक समोरचा. एक इकडचा, एक समोरचा. किर्र, किर्र, किर्र, किर्र. मिस्त्री गप्प बसून काम करत होते. झडपेची केबल अडकवली. टक. झडप उघडली, खट. झडप मिटली, टप.

तात्यांनी किल्ली फिरवली.

खुर्र. खुर्र. खुर्र. भुर्रर्र.

गाडी सुरू झाली. तात्या साखर आणायला निघाले. रस्त्यापलीकडे. गाडीतून. पुढे जाऊन, वळून, परत मागे येऊन. नानांना साखर बंदच होती. पण तात्यांना कोण सांगणार? तुम्ही सांगितलं असतं?

चिमटीने वळूनही बघितलं नाही. ती डब्यात शिरली. डागाचा कोपरा बाहेर ठेवला. मऊ कोपरा आत ठेवला. एका पिल्लावर घातली. दुसऱ्यावर घातली. सगळ्यांवर घातली. कडेने दाबली. मग आपणही आत शिरली.

वारा आला. भूं. डब्याशी आला. आत काही मिळालं नाही. निघून गेला.

"चीं," एक पिल्लू म्हणालं.

"चीं," दुसरं म्हणालं.

"चीं," म्हणाली सगळी.

आणि मग कुणीच काही म्हणालं नाही. सगळी झोपली होती.

गाडी गेली पलीकडे,
चिंधी आली अलीकडे,
आणि गोष्ट निजली डब्यामध्ये.